खुब्याचा सांधा आणि ‘निवडी’ची धूळफेक

भिलाईच्या पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेला कामगार सत्तरीत न्हाणीघरात घसरून पडतो. कोकओव्हनवर काम करणारा तरुण कंत्राटी मजूर मचाणावरून खाली येतो. दोघांचेही मांडीचे हाड खुब्याशी मोडते. स्क्रू आणि पट्टी, किंवा हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालून ते बसवले जाते. काही महिन्यांनी वेदना वाढते, पाय आखूड होतो, आणि क्ष-किरणाच्या चित्रात दिसते की हाड जुळलेच नाही, किंवा स्क्रूचे टोक हाडाचा गोळा फोडून वाटीत शिरले आहे. आता सांधाच बदलावा लागेल, असा निर्णय होतो. आणि मग रुग्णाच्या नातलगांपुढे एक दरपत्रक ठेवले जाते: देशी इतके, परदेशी इतके, सिरॅमिक इतके. ‘कोणता घालायचा ते तुम्ही ठरवा.’

सभ्य भाषेत केलेली याहून मोठी धूळफेक शोधून सापडणार नाही. ज्याला सांध्याच्या एकाही भागाचे नाव सांगितलेले नाही, ज्याच्यापुढे किमतीखेरीज दुसरा कोणताही आकडा ठेवलेला नाही, त्याला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ बहाल केले जाते! हे स्वातंत्र्य कामगाराला चांगले परिचयाचे आहे. कारखान्याच्या फाटकावर मिळेल त्या रोजावर काम करायचे की उपाशी राहायचे, हे ठरवण्याचे जे स्वातंत्र्य त्याला आहे, त्याच जातीचे हे आहे. या लेखाचा हेतू दुहेरी आहे: ही निवड वस्तुतः कशाची असते ते समजून घेणे, आणि ती कोणाच्या हातून काढून कोणाच्या हाती दिली पाहिजे ते स्पष्ट करणे.

मोडलेले हाड का जुळत नाही?

जुळणी फसण्याला वैद्यकीय कारणे आहेत. हाड ठिसूळ असते. मोडच अशा जागी असतो की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. स्क्रू चुकीच्या जागी बसतो. स्क्रूचे टोक गोळ्याच्या शिखरापासून किती दूर आहे ते दोन बाजूंच्या चित्रांत मोजून त्यांची बेरीज करतात. ही बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू फाडून बाहेर येण्याचा धोका फार कमी होतो, हे १९९५ पासून शस्त्रवैद्यांना ठाऊक आहे. छत्तीसगडात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. येथे सिकलसेल या रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या विकारात मोड नसतानाही खुब्याचा गोळा रक्ताअभावी मरू शकतो.

परंतु वैद्यकीय कारणांच्या मागे सामाजिक कारणे उभी आहेत, आणि दरपत्रकात त्यांचा उल्लेख कधीच नसतो. हाड जुळायला तीन ते चार महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ लागतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस मिळतो, तोही वेतनाच्या ७० टक्के. तीच इजा कामावरचा अपघात म्हणून नोंदली गेली, तर वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो, आणि काम करण्यास असमर्थ असेपर्यंत तो चालू राहतो. ‘घरी पडला’ असे लिहिले गेले की ठेकेदार सुटतो. मजुराचे ९१ दिवस संपतात आणि अर्धवट जुळलेल्या पायावर भार टाकून तो पुन्हा मजुरी शोधू लागतो. अशा वेळी फसलेल्या शस्त्रक्रियेचे खापर स्क्रूवर फोडायचे की अपघाताच्या नोंदवहीवर? खुब्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची पहिली ओळ पुष्कळदा ठेकेदाराच्या कारकुनाने लिहिलेली असते.

निवड वस्तुतः कशाची?

फसलेल्या जुळणीनंतरचा सांधेबदल हा साध्या सांधेबदलापेक्षा अवघड असतो. त्यात गुंतागुंतीचे प्रमाण अधिक असते, हे रुग्णाला आधीच सांगितले गेले पाहिजे. पहिला प्रश्न धातूचा किंवा कंपनीचा नसून जंतुसंसर्गाचा आहे. जुना स्क्रू ढिला झाला तो केवळ भाराने की आत पू धरल्यामुळे, हे रक्ताच्या तपासण्या करून आणि गरज पडल्यास सांध्यातील पाणी काढून ठरवल्याखेरीज नवा सांधा घालणे म्हणजे कुजलेल्या पायावर भिंत बांधणे होय.

दुसरा प्रश्न वाटीचा. वाटी शाबूत असेल आणि रुग्ण अतिवृद्ध, मोजकेच चालणारा असेल, तर केवळ गोळा बदलूनही भागते. परंतु स्क्रूने वाटी कोरली असेल, किंवा रुग्णाला पुढे बरीच वर्षे चालायचे असेल, तर वाटी व गोळा दोन्ही बदलावे लागतात.

तिसरा प्रश्न दांड्याचा, आणि तो भिलाईच्या कामगाराला कोणत्याही पदवीधरापेक्षा लवकर समजेल. रुळाला तडा बहुधा कोठून जातो? जोडपट्टीच्या बोल्टसाठी पाडलेल्या छिद्रापासून. पट्टीचे स्क्रू काढल्यावर मांडीच्या हाडात अशीच छिद्रांची रांग उरते, आणि पुढचा तडा तेथूनच जाण्याचा धोका असतो. म्हणून कृत्रिम सांध्याचा दांडा शेवटच्या छिद्राच्या पुढे, हाडाच्या रुंदीच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत पोहोचला पाहिजे. आखूड दांडा स्वस्त पडतो. या रुग्णाला तो पुष्कळदा चालत नाही. सिमेंट वापरायचे असेल तर ते छिद्रांतून बाहेर पसरणार नाही याची काळजी घ्यावी लागते. हाडाचा वरचा भाग झिजून गेला असेल, तर ती उणीव भरून काढणारा वेगळा दांडा लागतो.

चौथा प्रश्न सांधा निखळण्याचा. दोनदा चिरलेले, दुबळे झालेले स्नायू सांध्याला पुरेसे धरून ठेवत नाहीत. अशा रुग्णांसाठी गोळ्यात गोळा अशी दुहेरी हालचालीची वाटी वापरतात. झील बुस्के या फ्रेंच शस्त्रवैद्याने १९७० च्या दशकात ती रचली. पाचवा आणि शेवटचा प्रश्न घासणाऱ्या पृष्ठभागांचा: धातूवर प्लास्टिक, सिरॅमिकवर प्लास्टिक की सिरॅमिकवर सिरॅमिक. इंग्लंडातील जॉन चार्नली यांनी १९६२ साली टिकाऊ पॉलिथिलीनची वाटी वापरात आणली. त्याच प्लास्टिकचे अधिक घट्ट विणीचे रूप १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि झीज पुष्कळ घटली. वृद्ध रुग्णाला धातूचा गोळा आणि असे प्लास्टिक पुरेसे ठरते. तरुण मजुराला, ज्याला अजून तीस-चाळीस वर्षे चालायचे आहे, सिरॅमिकच्या गोळ्याचा विचार करण्यास कारण आहे.

आता दरपत्रकाकडे पुन्हा पाहा. संसर्ग, वाटी, दांडा, निखळणे आणि झीज या पाच प्रश्नांपैकी त्यात काय आढळते? फक्त शेवटचा, कारण ‘सिरॅमिक’ हा शब्द विकता येतो. रुग्णाचा जीव ज्यात गुंतलेला आहे ते चार प्रश्न बाजाराच्या भाषेत बसतच नाहीत.

‘नवे म्हणजे चांगले’ याची किंमत

‘परंतु बाजारातील स्पर्धेनेच उत्तम माल रुग्णापर्यंत पोहोचतो’, असे सांगणारे पंडित आहेत. त्यांच्यासाठी एकच इतिहास पुरेसा आहे. जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी मक्तेदार कंपनीच्या डीप्यू शाखेने एएसआर नावाचा, धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा बाजारात आणला. तरुण व कार्यक्षम रुग्णांसाठी प्रगत तंत्र, अशी त्याची जाहिरात होती. भारतात डिसेंबर २००६ मध्ये त्याच्या आयातीला परवाना मिळाला. दोन धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रुग्णांच्या रक्तात उतरले, सांध्याभोवतीचे मांस मरू लागले, हाड खचले. ऑस्ट्रेलियात २००९ च्या अखेरीस हा माल बाजारातून उठला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात तो बसला होता.

भारतात काय घडले? ज्या वर्षी ऑस्ट्रेलियाने दार लावले होते त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या देशात परवान्याचे नूतनीकरण झाले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्रीय यंत्रणेने परवाना रद्द करायला २०१२ उजाडले, आणि डॉक्टरांना व जनतेला इशारा द्यायला २०१३ चा डिसेंबर. अमेरिकेत त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात सुमारे ८,००० रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलर देण्याचे कंपनीने मान्य केले होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांच्या चौकशीसाठी केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ साली. समितीने २०१८ मध्ये किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पुढे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचे सूत्र ठरले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था मान्य केली.

या सर्व आकड्यांत एक गोष्ट सर्वांत भयंकर आहे. समितीला असे आढळले की त्या ४,७०० रुग्णांपैकी बहुसंख्यांचा पत्ताच लागत नाही. शरीरात सदोष धातू घेऊन ती माणसे कोठेतरी जगत होती किंवा मरत होती, आणि त्यांची यादी कोणाहीपाशी नव्हती. ‘निवड’ त्यांनीही केली होती. महाग, परदेशी आणि नवे निवडले होते.

आपल्यातील तीन भोंगळ समजुती

शत्रूच्या प्रचाराइतकेच आपल्या गोटातील भोंगळ विचारही तपासले पाहिजेत.

पहिली समजूत अशी: ‘कामगाराला सर्वांत महाग सांधा मिळवून देणे हाच न्याय.’ ऐकायला ती लढाऊ वाटते. वस्तुतः ती विक्रेत्याचीच भाषा आहे. एएसआर महागच होता. न्याय म्हणजे योग्य दांडा, योग्य वाटी आणि दीर्घकाळ तपासलेला माल, मग तो पुण्यात, वापीत तयार झालेला असो की परदेशात. ज्या सांध्याचा दहा वर्षांचा हिशेब मांडता येतो, तो कालच्या चकचकीत सांध्यापेक्षा कामगाराचा अधिक विश्वासू सोबती आहे.

दुसरी समजूत: ‘हा डॉक्टरांचा विषय आहे; संघटनेने त्यात पडू नये.’ कोणत्या रुग्णाला कोणता दांडा, हा शस्त्रवैद्याचा विषय आहे यात वाद नाही, आणि तो निर्णय त्याने भयमुक्तपणे व लोभमुक्तपणे घ्यावा हीच आपली मागणी आहे. परंतु रुग्णालयाच्या कपाटात कोणते सांधे असतील, ते कोणत्या निविदेने आले, त्यांची किंमत किती पटींनी वाढली, अपयशाची नोंद कोण ठेवतो, हे शस्त्रवैद्यकाचे प्रश्न नाहीत. ते सत्तेचे आणि मालकीचे प्रश्न आहेत. डल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने शहीद रुग्णालय उभे केले, तेव्हा आरोग्य हा संघटनेचा विषय आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर भिलाईच्या भट्टीला खनिज पुरवणाऱ्या त्याच मातीत दिले गेले. राजकीय मतभेद काहीही असोत, ते उत्तर आपल्यालाही बंधनकारक आहे.

तिसरी समजूत: ‘आपल्या बाजूने आले ते निर्दोष.’ भिलाईचा कारखाना २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी पेटली. याच काळात, १९५६ पासून, मॉस्कोचे शस्त्रवैद्य कॉन्स्टंटिन सिवाश सिमेंटवाचून बसणारा संपूर्ण कृत्रिम खुबा घडवत होते. चार्नलींच्या यशाच्या आधीचे हे काम आहे, आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. सिवाश यांच्या दांड्याचा हक्क पुढे अमेरिकी भांडवलाने घेतला. त्यातून सुधारत गेलेला, निरनिराळे भाग जोडून बसवण्याचा दांडा अवघड खुब्यांत उपयोगी ठरला, आणि शेवटी तो त्याच डीप्यूच्या मालयादीत जाऊन बसला! परंतु हेही सांगितले पाहिजे की सिवाश यांचा सांधा धातूवर धातू घासणाराच होता, आणि ती जोडी काळाच्या कसोटीवर उतरली नाही. पोलादाला आणि माणसाच्या हाडाला पक्षनिष्ठा नसते. समाजवादी देशातून आलेला असो वा मक्तेदाराच्या गोदामातून, सांध्याची परीक्षा एकच: तो किती वर्षे टिकला, आणि ते कोणी लिहून ठेवले?

रुळाला क्रमांक, माणसाला नाही!

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. भिलाईतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुळावर कारखान्याचे चिन्ह, बनावटीचे वर्ष आणि ज्या वितळीतून तो ओतला गेला तिचा क्रमांक उमटवलेला असतो. वीस वर्षांनी तो रूळ कोठे तडकला, तर दोष कोणत्या वितळीत होता याचा माग काढता येतो, आणि त्याच वितळीचे इतर रूळ तपासता येतात. त्या रुळासाठी ज्याने घाम गाळला, त्याच्या खुब्यात बसवलेल्या धातूचा असा माग मात्र राहत नाही. लोखंडाची जेवढी कदर, तेवढीही माणसाची नाही!

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. स्वीडनमध्ये १९७९ पासून खुब्याच्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवही आहे, ऑस्ट्रेलियात १९९९ पासून, इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पासून. एएसआरचे पितळ उघडे पाडले ते कंपनीच्या सद्विवेकाने नव्हे, या नोंदवह्यांनी. पाच वर्षांत दर शंभरांपैकी बारा-तेरा सांधे काढावे लागले, हे ब्रिटिश नोंदवहीतून पुढे आले. ब्रिटनमध्ये २००२ पासून एक तज्ज्ञमंडळ कोणत्या सांध्याला किती वर्षांचा पुरावा आहे याची श्रेणीही लावते. भारतात सांधेतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल त्याने लिहावे. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला, परंतु तो प्रत्येक रुग्णाची यादी ठेवत नाही.

किमतीचीही तीच कथा. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या कमाल किमती ठरवल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला कराखेरीज ५४,७२० रुपये, आणि दुसऱ्यांदा बदलायच्या गुडघ्याला १,१३,९५० रुपये. किमती जवळजवळ ७० टक्क्यांपर्यंत उतरल्या, असे सरकारनेच सांगितले. म्हणजे तोवर रुग्णांना किती लुटले जात होते याची कबुलीही सरकारनेच दिली. स्टेंटच्या वेळी काही परदेशी कंपन्यांनी आपला महाग माल मागे घेण्याची परवानगी मागून दडपण आणले. आकाश कोसळले नाही. रुग्णांना स्टेंट मिळत राहिले. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा गुडघा निराळा व महाग असतो हे सरकारला समजले होते. मग त्या आदेशात खुबा का नव्हता? मोडलेला खुबा हा प्रामुख्याने वृद्धांचा व श्रमिकांचा आजार आहे, आणि लांब दांड्याची गरज तर फसलेल्या रुग्णालाच लागते, जो आधीच्या खर्चाने खचलेला असतो. जेथे रुग्ण सर्वांत असहाय, तेथेच बाजार सर्वांत मोकळा!

मागण्या आणि तातडीचे काम

भिलाईत हा भेद डोळ्यांना दिसतो. कायम कामगारासाठी सेक्टर ९ चे रुग्णालय, निवृत्तासाठी विम्याची मर्यादा, कंत्राटी मजुरासाठी राज्य विम्याची खिडकी, आणि यांपैकी काहीच नसलेल्यासाठी सरकारी योजनेचे कार्ड किंवा कर्ज काढून नागपूरची गाडी. एकाच भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांच्या खुब्यांना चार दर्जे! म्हणून पुढील मागण्या एकजुटीने रेटल्या पाहिजेत.

खुब्याच्या सर्व भागांना, लांब दांडा व दुहेरी हालचालीच्या वाटीसह, कमाल किंमत ठरवावी. सरकारी, राज्य विम्याच्या, सार्वजनिक उद्योगांच्या आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांत सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सक्तीची करावी. सार्वजनिक रुग्णालयांची खरेदी केवळ सर्वांत कमी बोलीवर न होता, ज्याला दीर्घ काळाचा पुरावा आहे अशाच मालातून व्हावी. कंत्राटी व कायम कामगाराला एकाच रुग्णालयात एकच उपचार मिळावा. अपघाताची खोटी नोंद करणाऱ्या ठेकेदाराला दंड व्हावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने व संघटनेने आजपासून चार कामे अंगावर घ्यावीत. अपघात होताच त्याच दिवशी तो कामावरचा अपघात म्हणून नोंदला गेला की नाही, हे पाहण्यासाठी एक साथी नेमावा. दुसऱ्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णासोबत वर सांगितलेले पाच प्रश्न कागदावर लिहून पाठवावेत, आणि ते डॉक्टरांना आदराने परंतु निःसंकोच विचारावेत. प्रामाणिक डॉक्टर अशा प्रश्नांचे स्वागतच करील. सांध्याच्या वेष्टनावर कंपनी, आकार व तुकडी क्रमांक छापलेली चिठ्ठी असते. तिची प्रत घरी जाण्याच्या कागदावर चिकटवून घेतल्याखेरीज रुग्णालय सोडू नये. आणि त्या चिठ्ठीची एक नक्कल संघटनेच्या कार्यालयात जपून ठेवावी.

सरकार नोंदवही सुरू करीत नसेल, तर ती कामगारांच्या वहीत सुरू होईल. उद्या एखादा सांधा सदोष निघाला, तर निदान आपल्या माणसांचा पत्ता लागेल. आणि अशा हजार वह्या देशभर उभ्या राहिल्या की दिल्लीला आपली वही उघडणे भाग पडेल. कामगारवर्गाची खरी निवड दरपत्रकाच्या तीन रकान्यांपैकी एकावर बोट ठेवण्यात नाही. ते दरपत्रक कोण लिहितो, हे बदलण्यात आहे.